अग्निबाण तळापर्यंत पोचतो कसा?

वाचकहो, कणगी तुम्ही पाहिलेली असेल. आता घरोघर पत्र्याच्या कोठ्या आल्या; पण एखाद्या जुन्या वाड्याच्या माजघरात शेणामातीने लिंपलेली, पुरुषभर उंचीची कणगी अजून उभी दिसते. ती रिकामी असली तर दोन गडी सहज उचलतील. पण बाहेर अंगणात काढा म्हटले की पंचाईत होते. वजन काहीच नाही, पण घेर दारात मावत नाही. म्हणून मोठी कणगी हवी असली म्हणजे कामट्या घरात आणायच्या, विणणाऱ्याला आत बसवायचे आणि जागच्या जागी विणून घ्यायची. हा एवढा व्यवहार ध्यानात ठेवा. आजचा आपला सारा विषय त्यात आहे.

अग्निबाण आकाशात जातो तेव्हाचे वर्णन आपण रेडिओवर ऐकतो. दहा, नऊ, आठ असे उलटे आकडे मोजले जातात, धूर उठतो, आणि दोनतीन मिनिटांत ते प्रचंड धूड दिसेनासे होते. पण हे धूड त्या जागी आले कोठून आणि कसे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. अहो, ते तिथे उगवत नाही! कारखाना एकीकडे असतो आणि उड्डाणतळ दुसरीकडे. तळ मुद्दामच लोकवस्तीपासून दूर, बहुधा समुद्रकाठी किंवा ओसाड माळावर निवडतात. कारण वर जाताना रिकामे झालेले टप्पे खाली पडतात, ते कोणाच्या घरावर पडता कामा नयेत. कारखान्याला मात्र कसबी कामगार लागतात, वीज लागते, कच्चा माल लागतो. तेव्हा दोन्ही एके ठिकाणी जमणे कठीण, आणि मधला प्रवास आलाच.

मोठा अग्निबाण एकसंध नसतो. एकावर एक ठेवलेले त्याचे दोनतीन भाग असतात, त्यांना टप्पे म्हणतात. माणसाला चंद्रावर नेणाऱ्या ‘सॅटर्न पाच’ या अमेरिकन अग्निबाणाचा पहिला टप्पा घ्या. लांबी १३८ फूट, म्हणजे एस.टी.च्या जवळजवळ चार गाड्या एकापुढे एक लावाव्या एवढी. व्यास ३३ फूट. आडवा ठेवला तरी तीन मजली घराएवढा उंच. इंधन भरल्यावर त्याचे वजन सुमारे २,२८० टन होई. पण रिकाम्याचे वजन १३० टनांच्या आसपास, म्हणजे भरलेल्याच्या सतराव्या हिश्श्याएवढेच. पातळ इंधन तळावर गेल्यावर अगदी शेवटी भरायचे असते, त्यामुळे वाटेत न्यायचे ते रिकामे कवच आणि इंजिने. एकशेतीस टन हे काही थोडे नव्हे, पण तेवढे वजन हलवण्याची साधने होती. अडचण घेराची होती. ३३ फूट उंचीची वस्तू कोणत्या पुलाखालून जाईल? कोणत्या बोगद्यातून? विजेच्या तारांचे काय, आणि गावातल्या वळणांचे काय? आगगाडीने तर नावच काढायला नको.

या प्रश्नाला अमेरिकन लोकांनी शोधलेले उत्तर फार जुने आहे: पाण्याने न्या. नदीवर बोगदे नसतात, आणि मोठ्या नद्यांवरचे पूल बोटींसाठी उंच ठेवलेले असतात. गोव्यात मांडवी आणि जुवारी नद्यांवरून लोखंडाची माती वाहणारे सपाट तळाचे बार्ज ज्यांनी पाहिले असतील त्यांना ही कल्पना लगेच कळेल. तसाच एक बार्ज घ्यायचा, त्यावर आडवा टप्पा ठेवायचा आणि टगबोटीने, म्हणजे लहान पण जबर ताकदीच्या बोटीने, तो ओढत किंवा ढकलत न्यायचा.

ऐकायला सोपे वाटते. पण १९६१ सालची गोष्ट ऐका.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात हंट्सव्हिल नावाचे शहर आहे. तेथे वेर्नर फॉन ब्राउन यांच्या देखरेखीखाली पहिल्या ‘सॅटर्न’ अग्निबाणाचा पहिला टप्पा तयार झाला. पुढच्या ‘सॅटर्न पाच’पेक्षा हा लहान, तरी लांबी ८० फूट आणि रुंदी २१ फुटांहून जास्त. तो न्यायचा होता फ्लॉरिडा राज्यात, अटलांटिक महासागराच्या काठी, केप कॅनव्हेरल येथे. नकाशावर पट्टी ठेवली तर अंतर साडेपाचशे मैल. पण पाण्याची वाट २,२०० मैलांची, म्हणजे चौपट!

शिक्षकांना विनंती आहे की हा मार्ग त्यांनी नकाशावर दोरा ठेवून मुलांना दाखवावा. हंट्सव्हिलजवळून टेनेसी नदी वाहते. तळ आहे दक्षिणेला, आणि ही नदी आधी पश्चिमेला जाते व मग चक्क उत्तरेकडे वळते. तेथे ती ओहायो नदीला मिळते, ओहायो मिसिसिपीला मिळते, आणि मिसिसिपी दक्षिणेला वाहत वाहत मेक्सिकोच्या आखातात उतरते. तेथून समुद्रमार्गे फ्लॉरिडाच्या टोकाला वळसा घालून पुन्हा उत्तरेला चढले म्हणजे केप कॅनव्हेरल. पुण्याहून साताऱ्याला जायचे आणि वाट काढायची नागपूरवरून, तसाच हा प्रकार.

त्यासाठी ‘पॅलेमन’ नावाचा बार्ज सज्ज केला होता. खरा टप्पा चढवण्यापूर्वी नकली टप्पा ठेवून एक फेरीही करून पाहिली होती. सगळे ठीक होते. आणि २ जून १९६१ रोजी वाटेतल्या व्हीलर धरणावरचे लॉक कोसळले.

लॉक म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे ते फारसे दिसत नाही. नदीवर धरण बांधले की वरचे पाणी उंच आणि खालचे पाणी सखल, अशा दोन पातळ्या होतात. मग बोटीने वरून खाली जायचे कसे? त्यासाठी धरणाच्या एका अंगाला पाण्याची एक लांबट कोठी बांधतात. तिला दोन दरवाजे, एक वरच्या पाण्याकडे, एक खालच्या पाण्याकडे. बोट वरून कोठीत शिरली की वरचा दरवाजा बंद करायचा आणि कोठीतले पाणी हळूहळू खाली सोडायचे. पाण्याबरोबर बोटही खाली उतरते. पातळी खालच्या पाण्याशी जुळली की खालचा दरवाजा उघडायचा, बोट निघाली पुढे. हेच लॉक. वर चढायचे असले तर नेमके उलट करायचे. पाटाचे पाणी बारे धरून वाफ्यावाफ्यातून फिरवणाऱ्याला हे समजायला वेळ लागणार नाही.

तर व्हीलर धरणाच्या या लॉकशेजारी दुसरे, मोठे लॉक बांधण्यासाठी खोदकाम चालले होते. त्या वेळी जुन्या लॉकची भिंत ढासळली. नदीवरची सारी ये-जा बंद पडली. ‘पॅलेमन’ बार्ज धरणाच्या वरच्या अंगाला अडकला. खाली जायला दुसरी वाटच नव्हती. अग्निबाण तयार, तळ तयार, सारे जग पाहते आहे, आणि काम अडले कशापाशी, तर धरणाच्या दरवाजापाशी.

आता तुम्ही काय केले असते? पूल वाहून गेला म्हणजे आपण काय करतो? गाडीतले पोते ओढ्याच्या या काठाला उतरवतो, डोक्यावरून पलीकडे नेतो आणि पलीकडच्या गाडीत घालतो. त्यांनीही तेच केले. ‘पॅलेमन’ने टप्पा धरणापर्यंत आणला. तेथे तो चाकांच्या गाड्यावरून जमिनीवर उतरवला, रस्त्याने धरणाला वळसा घालून खालच्या अंगाला नेला आणि दुसऱ्या बार्जवर चढवला. हा दुसरा बार्ज नौदलाकडून तातडीने मागून आणलेला होता. त्याचे नाव ठेवले ‘कॉम्प्रोमाइज’, म्हणजे तडजोड! नाव ठेवणाराला विनोदबुद्धी होती, हे मान्य केले पाहिजे. ५ ऑगस्टला हंट्सव्हिल सोडलेला तो टप्पा १५ ऑगस्टला केप कॅनव्हेरलला पोचला आणि २७ ऑक्टोबर १९६१ रोजी तो अग्निबाण यशस्वीपणे उडाला.

ही गोष्ट लांबवून सांगितली, कारण पुढच्या अनेक गोष्टी तिच्यातून समजतात. पुढचा अग्निबाण याहून कितीतरी मोठा होणार होता. तेव्हा त्याचा कारखाना कोठे घालायचा हे ठरवताना पहिला प्रश्न होता तो वाटेचा. न्यू ऑर्लिन्स शहराच्या हद्दीत मिशू येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभारलेला एक प्रचंड कारखाना होता. एका छपराखाली ४३ एकर जागा! आणि मुख्य म्हणजे तो जलमार्गाला लागून होता, तेथून समुद्र जवळ. १९६१ च्या सप्टेंबरात तीच जागा निश्चित झाली.

पण नुसते बांधून भागत नाही. टप्पा तळावर नेण्यापूर्वी एकदा भक्कम सांगाड्यात जखडून, सगळी इंजिने पेटवून पाहावी लागते. त्याचा आवाज असा की मैलोन् मैल खिडक्या थरथरतात. त्यासाठी मोकळी जागा हवी, आणि तीही मिशूपासून बार्ज जाईल अशी. शेजारच्या मिसिसिपी राज्यात पर्ल नदीकाठी ती सापडली. पाण्याने अंतर सुमारे ४५ मैल. तेथे बार्जसाठी कालवे खोदले, लॉक बांधले. पण ती जागा अगदीच निर्मनुष्य नव्हती. गेन्सव्हिल, लॉगटाउन, सांता रोझा, नेपोलियन आणि वेस्टोनिया ही पाच लहान गावे तेथे होती. चाचणीच्या जागेभोवती सव्वा लाख एकरांचा पट्टा वस्तीविना ठेवायचा असे ठरले आणि या गावांतल्या सुमारे ६६० कुटुंबांना घरे सोडावी लागली. लाकडाच्या वखारींवर एके काळी नांदती असलेली ती गावे उठली. कोयनेच्या किंवा उजनीच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, त्यांना याचा अर्थ निराळा सांगायला नको. चंद्रावर माणूस गेला ही गोष्ट सांगताना या पाच गावांची नावेही मुलांना सांगावीत असे मला वाटते.

आता टप्पा बार्जवर चढवतात कसा? क्रेनने उचलून ठेवीत असतील असा आपला समज. तसे नाही. टप्पा कारखान्यातच चाकांच्या लांबलचक गाड्यावर आडवा बांधतात. ट्रॅक्टरसारखे एक यंत्र तो गाडा माणसाच्या चालीने धक्क्यावर आणते. बार्जच्या पोटात कप्पे असतात. त्यांत पाणी घेऊन किंवा काढून बार्जची पातळी धक्क्याशी जुळवतात. दोन्ही सपाट झाले की गाडा सरळ आत ढकलायचा. उचलणे नाही की आदळणे नाही. बैलगाडीत पोती भरताना गाडी बांधाला लावली म्हणजे उचलण्याचे श्रम वाचतात, तीच युक्ती. मग गाडा बार्जच्या तळाला जखडून टाकायचा आणि वर छप्पर घालायचे, कारण समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने धातू खराब होतो.

येथे आणखी एक नाजूक बाब आहे. हे टप्पे दिसायला राक्षसी, पण अंगाने पातळ. वजन वाचवण्यासाठी टाक्यांच्या भिंती शक्य तेवढ्या पातळ ठेवलेल्या असतात. ‘अ‍ॅटलस’ नावाच्या अमेरिकन अग्निबाणाच्या पोलादी टाकीची भिंत एक मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ होती. रिकामी टाकी स्वतःच्या वजनानेच चेपली जायची! म्हणून कारखान्यातून निघाल्यापासून तळावर पोचेपर्यंत आत वायूचा दाब कायम ठेवावा लागे. १९६३ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातील व्हँडनबर्ग तळावर उभ्या असलेल्या एका अ‍ॅटलसमधला दाब गेला आणि तो जागच्या जागी कोलमडून पडला. वर्गात हे दाखवायचे असले तर पाण्याची प्लास्टिकची पातळ बाटली घ्या. झाकण काढून ती दाबा, लगेच चेपेल. आता तीच पुन्हा फुगवून, झाकण घट्ट लावून दाबा. दाद देणार नाही. आतली हवा भिंतीला आधार देते. मुलांना एवढे कळले की पुरे.

‘सॅटर्न पाच’चा दुसरा टप्पा तयार होई अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात सील बीच येथे, पॅसिफिक महासागराच्या काठी. त्याचाही व्यास ३३ फूट. डोंगर ओलांडून जमिनीवरून येणे अशक्य. मग ‘पॉइंट बॅरो’ नावाच्या जहाजातून तो मेक्सिकोच्या किनाऱ्याने खाली, पनामा कालव्यातून पलीकडे आणि आखातातून पर्ल नदीकाठच्या त्या चाचणीच्या जागी येई. पनामा कालवाही लॉकचाच बनलेला आहे. जहाज एका बाजूने पायऱ्यापायऱ्यांनी चढते आणि दुसऱ्या बाजूने उतरते. १९१४ साली हा कालवा खुला झाला तेव्हा त्यातून एक दिवस चंद्राकडे जाणारा अग्निबाण जाईल असे कोणाच्या स्वप्नातही नसेल.

तिसरा टप्पा त्यामानाने लहान, व्यास २१ फूट ८ इंच. त्याची गोष्ट मजेची आहे. त्याच्या आधीच्या नमुन्याला कॅलिफोर्नियाहून फ्लॉरिडाला जहाजाने यायला अठरा ते पंचवीस दिवस लागत. जॅक कॉनरॉय नावाच्या वैमानिकाने एक अचाट बेत मांडला. जुन्या प्रवासी विमानाची पाठ कापायची आणि तिच्यावर प्रचंड फुगीर घुमट बसवायचा, म्हणजे टप्पा सबंध पोटात मावेल. पुष्कळांनी त्याला वेड्यात काढले. असले बेढब विमान उडायचेच नाही, असे जाणकार म्हणत. १९ सप्टेंबर १९६२ रोजी ते उडाले. त्याचे रूप पाहून त्याला नाव पडले ‘प्रेग्नंट गप्पी’, म्हणजे गाभण गप्पी. डास होऊ नयेत म्हणून आरोग्य खात्याचे लोक आपल्या विहिरीत सोडतात ना, तोच हा गप्पी मासा! वीस दिवसांचा प्रवास अठरा तासांवर आला. पुढे याहून मोठे ‘सुपर गप्पी’ तयार झाले. त्याचे नाक दारासारखे एका बाजूला उघडे. ‘सॅटर्न पाच’चे तिसरे टप्पे त्यातून आले. पण पहिले दोन टप्पे मावतील असे विमान काही झाले नाही.

तळावर सगळे टप्पे आले की एका अवाढव्य इमारतीत ते एकमेकांवर उभे रचीत. तेथून उड्डाणाचा चौथरा साडेतीन मैल. हे साडेतीन मैलही आधी कालव्यानेच न्यावेत असा विचार झाला होता, पण उभा अग्निबाण घेतलेला बार्ज सांभाळणे कठीण दिसले. अखेर कोळशाच्या उघड्या खाणीत माती काढणारी राक्षसी यंत्रे बनवणाऱ्या कारखान्याकडून रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारे दोन प्रचंड गाडे करून घेतले. त्यांचा वेग तासाला मैलभर. म्हातारा माणूस काठी टेकत त्यांच्यापुढे निघून जाईल! १९६० नंतरच्या दशकातले हे गाडे, दुरुस्त्या करून, पुढे अर्ध्या शतकानंतरही वापरात राहिले.

ही झाली पाणी असलेल्यांची कथा. ज्यांच्या तळाला पाण्याची वाटच नाही त्यांनी काय करावे?

सोव्हिएट रशियाचा बायकोनूर तळ कझाखस्तानच्या कोरड्या माळावर होता. समुद्र दूर, जवळ आगगाडीचा फाटा. तेव्हा आगगाडी सांगेल तो घेर. १९६५ साली पहिल्यांदा उडालेला ‘प्रोटॉन’ अग्निबाण असाच घडला: मधली टाकी रुळांवरून नेता येईल एवढी, ४.१ मीटर व्यासाची, आणि कडेच्या सहा टाक्या वेगळ्या आणून तळावर जोडायच्या. पण चंद्रावर माणूस नेण्यासाठी केलेला त्यांचा ‘एन-१’ हा अग्निबाण सुमारे १०५ मीटर उंच, आणि बुडाशी कितीतरी रुंद. तो कोणत्याच गाडीवर मावेना. मग त्यांनी आपल्या कणगीचा मार्ग धरला. कुइबिशेव्हच्या कारखान्यातून, म्हणजे आजच्या समारा शहरातून, सुटे भाग आगगाडीने आणायचे आणि बायकोनूरलाच मोठी कर्मशाळा घालून तेथे जोडायचे.

कणगी घरात विणली तर बिघडत नाही. येथे एक उणीव राहिली. तीस इंजिनांचा तो पहिला टप्पा सबंध जखडून, पेटवून पाहण्याची सोय त्यांनी केली नाही. जी परीक्षा अमेरिकेने पाच गावे उठवून जमिनीवर घेतली ती रशियाला प्रत्यक्ष उड्डाणातच द्यावी लागली. १९६९ ते १९७२ या काळात ‘एन-१’ चार वेळा उडवला आणि चारही वेळा पहिल्याच टप्प्यात घात झाला. कारणे अनेक होती, सगळा दोष वाटेवर टाकता येणार नाही. पण वाटेचा वाटा त्यात होता.

आगगाडीने अमेरिकेलाही एक धडा दिला. स्पेस शटल या अवकाशयानाच्या दोन्ही बाजूंना घट्ट इंधनाचे दोन मोठे बाण लावीत. घट्ट इंधन कारखान्यातच ओतून पक्के करावे लागते, तळावर नळीने भरता येत नाही. कारखाना होता युटा राज्यात, समुद्रापासून शेकडो मैल आत. म्हणून प्रत्येक बाण चार तुकड्यांत भरायचा, तुकडे आगगाडीने फ्लॉरिडाला न्यायचे आणि तेथे एकावर एक जोडायचे. जोडावर रबराची कडी बसवीत. २८ जानेवारी १९८६ च्या थंडगार सकाळी उजव्या बाणाच्या अशाच एका जोडातून जाळ बाहेर पडला. ‘चॅलेंजर’ यान त्र्याहत्तर सेकंदांत नष्ट झाले आणि आतली सातही माणसे गेली. त्यांत एक शाळेच्या शिक्षिका होत्या, ख्रिस्टा मॅकऑलिफ. फुटला तो जोड कारखान्यातला नव्हता, तळावर जुळवलेल्या जोडांपैकी होता. पुढे त्या जोडाची रचना बदलली, आणि तुकड्यांचे ते बाण २०११ पर्यंत सुखरूप उडाले. तेव्हा तुकडे करणे हाच अपराध, असे कोणी समजू नये.

कारण आपला देशही हेच करतो. थुंब्याला २१ नोव्हेंबर १९६३ रोजी आपल्या भूमीवरून पहिला अग्निबाण उडाला, तो इतका लहान की त्या काळी तेथे अग्निबाणांचे भाग सायकलवरूनही नेत. आज आंध्र प्रदेशात श्रीहरिकोटा येथून उडणारा पी.एस.एल.व्ही. हा अग्निबाण घ्या. त्याचा पहिला टप्पा २० मीटर लांब आणि २.८ मीटर व्यासाचा, घट्ट इंधनाचा, पाच तुकड्यांचा. या तुकड्यांची पोलादी कवचे करण्यात आपल्या पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्याचा हात आहे! उसाच्या कारखान्यांची यंत्रे करणाऱ्या वालचंदनगरच्या कारखान्यात ती कवचे तयार होत आली आहेत. कवच रिकामेच रस्त्याने जाते; घट्ट इंधन ओतायचे काम श्रीहरिकोट्याच्या कर्मशाळेतच होते. म्हणजे कामट्या इकडून, आणि कणगी तिकडे भरायची. पावणेतीन मीटरचा घेर मालमोटारीवर बसतो, पुलाखालून जातो. सगळ्यात जड असा एल.व्ही.एम.-३ घेतला तर त्याचा पातळ इंधनाचा टप्पा चार मीटर व्यासाचा. तो तामिळनाडूतील महेंद्रगिरीहून बहुचाकी गाड्यावरून सावकाश येतो. त्याला लागणारी ‘विकास’ इंजिने मुंबईच्या विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात होतात.

अमेरिकेतल्या ‘फाल्कन ९’ अग्निबाणाचा व्यासही ३.७ मीटरच ठेवला, तो याच हिशेबाने: देशभर मालमोटारीवरून नेता यावा. उलट चंद्राकडे पुन्हा जाण्यासाठी बांधलेल्या नव्या अग्निबाणाचा मुख्य टप्पा २१२ फूट लांब आणि साडेसत्तावीस फूट रुंद झाला, तेव्हा पुन्हा मिशूचा कारखाना, पुन्हा पर्ल नदीकाठची चाचणी आणि पुन्हा बार्ज. ‘पेगॅसस’ हा त्या बार्जचा नाव. त्याला स्वतःचे इंजिन नाही, टगबोटी ओढतात. टप्पा मावेना म्हणून बार्जच मधून कापून पन्नास फूट लांब केला. एप्रिल २०२१ च्या अखेरीस नऊशे मैलांची जलयात्रा करून तो टप्पा फ्लॉरिडाला पोचला आणि १६ नोव्हेंबर २०२२ रोजी उडाला.

आपल्याकडे श्रीहरिकोट्याखेरीज दुसरा तळ तामिळनाडूच्या दक्षिण टोकाला कुलशेखरपट्टणम येथे घ्यायचे ठरले आणि २८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याची कोनशिला बसली. लहान अग्निबाणांसाठी तो योजला आहे. तेथून दक्षिणेकडे उडताना श्रीलंकेला वळसा घालावा लागत नाही, हे त्याचे मोठे कारण. दुसरे कारण गुरुजींनी मुलांकडूनच काढून घ्यावे. भारताचा नकाशा फळ्यावर लावावा, त्यावर महेंद्रगिरी शोधावे, तेथून श्रीहरिकोट्यापर्यंत एक दोरा आणि कुलशेखरपट्टणमपर्यंत दुसरा दोरा धरावा, आणि दोन्ही दोरे शेजारी ठेवून मुलांना मोजू द्यावेत.